खबर देणार : सावळाराम

बोरी बुद्रुकच्या गोरखला देवानं अक्कल बेताची दिली होती, पण तोंड देताना हात आखडता घेतला नव्हता. "कचेरीचं काम आहे? गोरखला न्या!" असं लोक म्हणत. लोक म्हणत नसत तेव्हा गोरख स्वतःच म्हणे. जुन्नर आणि आंबेगाव, दोन्ही तालुक्यांत आपल्याला चहा पाजल्याशिवाय सोडेल असं एकही टेबल नाही, हे त्याचं ठाम मत होतं. त्यामुळे बयाबाई मावशीनं नवऱ्याच्या मृत्यूच्या दाखल्याचा विषय काढला तेव्हा त्यानं बशी खाली ठेवायचेही कष्ट घेतले नाहीत.

"आठ दिस, मावशे! नवव्या दिशी दाखला तुज्या हातात नसंल तर नावाचा गोरख न्हाई!"

मावशी बहात्तरची. मूलबाळ नाही. नदीपलीकडच्या वस्तीवरची दोन एकर जमीन तिनं पन्नास वर्षं एकटीनं कसली होती. (वस्तीचं नाव मुद्दामच सांगत नाही. उगाच लोक बघायला जातील.) सातबारा मात्र अजून सावळारामच्याच नावावर!

"खताच्या दुकानात सावळाराम, सोसायटीत सावळाराम, गारपिटीच्या पंचनाम्याला सावळाराम," मावशी म्हणाली. "राती-अपराती पानी मी भरायचं, बिबट्याला मी भ्यायचं, नि नाव त्याचं! मरायच्या आदी त्या कागदावर माजं नाव यकदा बघू दे रं, गोरखा."

गोरख बढाईखोर होता, पण दगड नव्हता. आई गेल्यावर याच मावशीनं त्याला दोन वर्षं पोटाशी धरलं होतं. बशीतला चहा एका घोटात संपवून त्यानं किक मारली.

सावळारामचं मरण असं झालं होतं. शहात्तर सालच्या श्रावणात कुकडीला पूर आला. सावळाराम बैल सोडवायला म्हणून नदीकडे गेला तो परत आलाच नाही. मावशी तेव्हा माहेरी होती. तिसऱ्या दिवशी दोन कोस खाली बाभळीच्या काट्यांत एक प्रेत अडकलेलं सापडलं. ओळखण्यासारखं काही उरलं नव्हतं. सावळारामच्या आईनं, द्रौपदानं, कमरेचा करदोटा पाहिला, "माजाच हाये" म्हणाली आणि तिथंच काठावर अग्नी दिला गेला. मावशी माहेराहून पोचेपर्यंत राखसुद्धा वाहून गेली होती. नवऱ्याचं तोंड म्हणून तिला काही दिसलंच नाही.

तालुक्याच्या कचेरीत रेकॉर्डच्या खोलीत गोरख शिरला तो "नमस्कार मंडळी!" करतच. मंडळी कोणी नव्हतीच. एक खिडकी, छतापर्यंत लोखंडी मांडण्या, त्यांवर लाल फडक्यात बांधलेली दप्तरं आणि मधोमध प्रतीक्षा मॅडम. बाई बोलायच्या इतक्या हळू, की समोरच्यालाही आपोआप कुजबुजावं लागे. सबंध तालुक्याचे मेलेले आजूबाजूला झोपलेत आणि त्यांना जाग येऊ नये, असंच काहीसं वाटायचं. गोरखचा आवाजही पहिल्यांदाच अर्ध्यावर आला.

मॅडमनी दप्तर सोडलं. जुन्या कागदाचा वास सुटला. ते मृत्यूचं पुस्तक होतं. एका पानाला एक मयत. वर नाव, गाव, तारीख आणि खाली खबर देणाराची सही.

"मयताचं नाव?" मॅडमनी विचारलं.

"सावळाराम."

मॅडमनी पानावर बोट टेकवलं. बोट खाली सरकत गेलं आणि तळाशी थांबलं. मग त्यांनी चष्मा काढून पुसला आणि परत घातला.

"खबर देणार... सावळाराम."

"असंल दुसरा कुनी."

"सही तीच, आडनाव तेच, वस्ती तीच. माणूस बुडाल्यावर पाचव्या दिवशी स्वतः खबर देऊन गेलाय." मॅडमचा आवाज जराही चढला नाही, हे फार वाईट होतं. "मग दाखला नक्की कोणाचा देऊ?"

गोरख हसला. मॅडम हसल्या नाहीत, म्हणून त्यानंही आवरतं घेतलं. मॅडमनी पुढचं पान उलटलं. वस्तीवरची एक म्हातारी, हिवतापानं. खबर देणार, सावळाराम. त्यापुढचं पान. एक बाळंतीण. खबर देणार, सावळाराम! सत्त्याहत्तर साल, अठ्ठ्याहत्तर, एकोणऐंशी. वस्तीवर माणूस मरायचा आणि केव्हाच वाहून गेलेला सावळाराम येऊन ठसठशीत अक्षरात सही करायचा. खोलीत पंखा बंद होता, तरी गोरखच्या मानेवर गार वारं आलं.

"ही नोंद संशयास्पद आहे," मॅडम म्हणाल्या. "पुस्तक ज्यानं लिहिलं त्या कोतवालाचा जबाब आणा. आणि अर्जावर पत्नीचा अंगठा. तोवर नक्कल मिळणार नाही. हवं तर फोटो काढून न्या."

गोरखनं सगळ्या पानांचे फोटो काढले. शहाण्या माणसानं ते खिशात ठेवले असते. गोरखनं बाहेर चहाच्या टपरीवर बसून मित्रमंडळाच्या ग्रुपवर टाकले. वर लिहिलं, 'मेल्यावर पण ड्युटीवर!' मग मावशीला फोन लावला, तोही स्पीकरवर.

"मावशे, काका लई पोचल्याला मानूस निघाला! मेल्यावर तीन वर्सं सह्या करत व्हता!"

पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला.

दुसऱ्या दिवशी तो अर्जावर अंगठा घ्यायला वस्तीवर गेला, तेव्हा दिवसाचे चार वाजले होते आणि सगळी दारं बंद होती. रस्त्यावर कुत्रं नव्हतं. नदीच्या काठावर मात्र ओळीनं पानं मांडली होती, प्रत्येक पानावर दहीभात!

पहिल्याच घरातल्या प्रयागबाईनं खिडकीची फळी दोन बोटं उघडली. "गोरखा, त्याला बघितलास का रं?"

"कुनाला?"

"नाव नगं घेऊ! पंधरा दिस झालं, फारेस्टवाल्यांनी पिंजरा लावलाय, आत शेळी हाय, तरी बिबट्या शिवंना. मग आमच्या कोंबड्या कोन नेतं? सांग की! आन माज्या सासऱ्याची खबर त्यानंच दिल्याली. म्हंजी न्यायला बी त्योच आल्याला!"

म्हणजे वस्तीनं रातोरात सिद्धांत मांडला होता : सावळाराम ज्याची खबर देतो, तो जातो. शेजारी ऐंशी वर्षांचा धर्माजी राहायचा. त्याला जुना दमा. म्हातारा काल रात्रीपासून तोंडावर गोधडी दाबून खोकत होता.

"जोरात खोकू नका म्हनलंय त्येंला," त्याची सून सोनीबाई दाराआडून म्हणाली. "ऐकू गेलं तर जाईल की सही कराया!"

गोधडीतून दबलेला आवाज आला, "दाखला-बिकला काय न्हाई म्हनावं माजा! मी हाये!"

गोरखला हसू यायला हवं होतं. पण एवढ्यात त्याला मावशीचं दार दिसलं. सबंध वस्तीत तेवढं एकच उघडं होतं.

मावशी चुलीपाशी बसली होती. हातांत कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. कळायला लागल्यापासून पांढऱ्या कपाळाची पाहिलेली बाई अशी दिसल्यावर गोरख उंबऱ्यातच अडखळला. समोर दोन ताटं वाढलेली होती. एका ताटाशी पाट मांडलेला.

"ये. जेव. पर त्या पाटावर बसू नगं."

गोरख भिंतीला चिकटून उभा राहिला. "मावशे, ह्या... बांगड्या?"

"सकाळच्याला ओतूरला जाऊन भरल्या. कासारीन बघतच व्हती. म्हनलं, भर तू." मावशीनं भाकरी उलटली. "जित्त्या नवऱ्याच्या बायकूनं मोकळ्या हातानं ऱ्हाऊ ने."

"अगं, पर अर्जावर तुजा अंगठा..."

"जित्त्या मानसाचा मयताचा दाखला काडू? नरकात जागा मिळायची न्हाई मला. न्हाई देनार."

"आन सातबारा? तुजं नाव?"

मावशीचा हात थांबला. तिनं ताटाकडे पाहिलं, मग दाराकडे. "नाव जाऊ दे. मला यवडंच सांग, गोरखा. तीन वर्सं ह्या वस्तीवर येऊन सह्या करून जात व्हता, तर माज्या दारात का न्हाई आला? माजं काय चुकलं व्हतं?"

दोन तालुक्यांतल्या सगळ्या टेबलांना पुरून उरलेल्या गोरखला आपण काल स्पीकरवर काय करून बसलो ते आत्ता कळलं, आणि त्याला आपलीच जीभ हासडावीशी वाटली. पाटाकडे न बघता तो बाहेर पडला.

जुना कोतवाल चिमाजी ऐंशी पार करून मढला लेकीकडे राहत होता. दुसऱ्या दिवशी गोरख गणेशखिंड ओलांडून पुढे गेला तसं धुकं दाटत गेलं. भरदुपारी दिवा लावावा लागला. समोरून येणारी एसटी आधी ऐकू यायची, मग बराच वेळ काहीच नाही, आणि एकदम अंगावर! तिच्या मागच्या काचेतून एक माणूस आपल्याकडे वळून बघतोय असं गोरखला वाटलं. एसटीत माणसं असतातच, हे त्यानं स्वतःला मोठ्यानं समजावून सांगितलं.

चिमाजी ओटीवर घोंगडी पांघरून बसला होता. डोळे मोतीबिंदूनं पांढरे. गोरखनं गाडी लावली, चप्पल काढली, तोंड उघडलं, एवढ्यात म्हातारा म्हणाला,

"सावळारामचं पुस्तक घावलं व्हय, पावणं?"

गोरखचा पाय परत चपलेकडे गेला. "तुमाला... तुमाला कुनी सांगितलं, तात्या?"

"श्रेयानं," म्हातारा आत बोट करून म्हणाला. "नात माजी. कालपास्नं तिच्या मोबाइलमदी त्येच चाललंय. 'मेल्यावर पण ड्युटीवर.' कोन गाढवानं लिवलंय कुनास ठाऊक!"

गाढव खाली मान घालून ओटीवर बसलं.

"त्याचं असं हाये," चिमाजी म्हणाला. "पुस्तक ग्रामसेवकाचं. पर त्याच्याकडं पाच गावं, म्हनून फिरायचं माज्या काखेत. वस्ती नदीच्या पल्याड. पावसाळ्यात नाव चालंना, उन्हाळ्यात माजं पाय चालंना. आन वस्तीवर सही येनारा यकच मानूस, सावळाराम. सातवी पास! बाकी समदं अंगठं. सायेब म्हनायचा, अंगठा नको, सही आन. मग म्या काय केलं?"

"काय केलं?"

"मिरगाच्या आदी सावळारामला पारावर बसवला, आन कोऱ्या पानांवर आदीच सह्या घेतल्या. पंचवीस! म्हनलं, तीन-चार वर्सांची ददात मिटली. आता मरा बिनघोर!"

गोरखच्या छातीतून एवढा मोठा श्वास सुटला, की ओटीवरची कोंबडी उठून गेली. "आन मग त्योच मेला!"

"त्योच मेला. ध्यानी-मनी नसताना. पयल्या पानावर त्यालाच लिवायची येळ आली. खाली त्याची सही, वर त्याचंच नाव." म्हाताऱ्यानं घोंगडी आवळली. "पर सरकारी पानं, नंबर घातल्याली. फाडता येत्यात व्हय? वापरली मग येकयेक करून. उगं घोटाळा नको म्हनून सही घेतल्याल्या पानाचा वरचा कोपरा दुमडला व्हता म्या. बघा फोटूत."

गोरखनं पहिला फोटो मोठा करून पाहिला. वरचा कोपरा दुमडलेला! त्यानं म्हाताऱ्याचे पाय धरले. तिथून मावशीला फोन लावला, या वेळी स्पीकर बंद करून. मावशीनं सगळं ऐकून घेतलं. मागे चुलीतल्या फाट्यांचा तडतडाट येत होता.

"म्हंजी गेलाच की रं," ती म्हणाली. "माजं काय चुकलं नव्हतं."

"न्हाई, मावशे. तुजं काय सुदिक न्हाई."

"मग ये अंगठा घेयाला." आणि जरा थांबून, "बांगड्या मातुर ऱ्हाऊ दे. भरल्याल्या बांगड्या कासारीन परत घेत न्हाई."

पुढचं सगळं सुरळीत झालं. चिमाजीला श्रेयानं जीपनं आणलं, त्यानं जबाब दिला, कोपरे दाखवले, मॅडमनी मान हलवली आणि सावळाराम पन्नास वर्षांनी कायदेशीर मेला. गोरखची जीभ पुन्हा सुटली. एकवीस दिवस लागले होते, पण त्यातले तेरा सुट्टीचे होते असं तो सगळ्यांना पटवून देऊ लागला. वस्तीवर दारं उघडली, धर्माजी मोकळेपणानं खोकू लागला. नदीकाठचा दहीभात मात्र दर सकाळी पानांसकट नाहीसा झालेला असायचा. कुत्री खात असतील.

मग तलाठी म्हणाला, "सावळारामची आई त्याच्या नंतर वारली ना? म्हणजे तीही वारस. द्रौपदाबाईंचाही दाखला जोडा."

"हात्तिच्या! फोटो हायेच की माज्याकडं. उद्या आनतो नक्कल!" गोरखनं तिथंच कट्ट्यावर बसून फोन काढला. द्रौपदा एकोणऐंशीच्या आषाढात गेली होती. सह्यांच्या पानांतलं तिचंच शेवटचं. वर, मयत द्रौपदा. खाली, खबर देणार सावळाराम. तीच ठसठशीत सही.

कोपरा सपाट होता.

गोरखनं फोटो मोठा केला. पान करकरीत सरळ. त्यानं मागची पानं बघितली. दुमडलेला, दुमडलेला, दुमडलेला. मोजली. पंचवीस. आणि द्रौपदाचं सव्विसावं. दहावीला आपल्याला गणितात पस्तीस मार्क होते, याचा आधार घेऊन त्यानं पुन्हा मोजलं. सव्वीसच! त्यानं मढला फोन लावला.

"तात्या, पानं पंचवीस का सव्वीस?"

"पंचवीस. कोपरा दुमडल्याबिगार येक पान सोडलं न्हाई म्या."

"द्रौपदाच्या वक्ताला..."

"द्रौपदाच्या वक्ताला मी काविळीनं पडल्यालो. पुस्तक म्हैनाभर वस्तीवरच व्हतं." म्हातारा थांबला. "पावणं, मला झोप आलीया," असं म्हणून त्यानं फोन ठेवला.

गोरख कट्ट्यावर बसून राहिला. प्रेत ओळखलं कोणी? आईनं. करदोट्यावरनं. आणि त्याच आईच्या मरणाची खबर द्यायला...? सावळाराम भूत असेल तर भीती वाटत होती. सावळाराम भूत नसेल, तर त्याहून जास्त वाटत होती. भूत निदान बायकोला फसवून तरी जात नाही! त्याला मावशीचा प्रश्न आठवला आणि दोन ताटं आठवली. हे जर बाहेर आलं, तर दाखला रद्द होईल, सातबाऱ्यावर मावशीचं नाव लागायचं राहील, आणि मावशी पुन्हा दाराकडे बघत बसेल. मरेपर्यंत.

दुसऱ्या दिवशी तो रेकॉर्डच्या खोलीत गेला तो पाय न वाजवता. कोणाची नक्कल हवी ते त्यानं कालच फोनवर कळवलं होतं. मॅडमनी पुस्तक पुढ्यात ठेवलं, ते पान उघडलं आणि पोच घ्यायची वही आणायला मांडणीमागे गेल्या. गोरखनं आयुष्यात कधी सरकारी कागदाला नख लावलं नव्हतं. त्यानं डोळे मिटले, हात पुढे केला आणि सव्विसाव्या पानाचा कोपरा दुमडला. त्या शांततेत त्याचा आवाज केवढा मोठा झाला! सगळी दप्तरं कुशीवर वळल्यासारखं त्याला वाटलं.

मॅडम आल्या. त्यांनी पानाकडे पाहिलं. मग गोरखकडे. मग नेहमीच्याच हळू आवाजात म्हणाल्या, "कशाला दुमडलंत? नक्कल मी कालच करून ठेवलीय."

त्यांनी टेबलाच्या खणातून सही-शिक्क्याचा कागद काढून त्याच्यापुढे सरकवला.

"म्हंजी... तुमी बघितलं व्हतं?"

"जबाबाच्याच दिवशी. कोण मेलं, एवढंच मला लिहायचं असतं. ही बाई मेली आहे, हे खरं आहे ना?" त्यांनी नखानं कोपरा पुन्हा सरळ केला, पण घडी काही पुरती गेली नाही. "खबर कोण देऊन गेलं, ते घरच्यांनी बघावं. घ्या, इथं सही करा. नीट करा, स्वतःचीच."

दिवाळीच्या आधी सातबारा निघाला. मावशीनं चष्मा पुसला, कागद खिडकीशी धरला. वाचता येत नव्हतं, म्हणून गोरखनं तिचं बोट धरून नेमक्या जागी ठेवलं. बयाबाई. बोट तिथंच राहिलं. बांगड्या किणकिणल्या. डोळ्यांतलं पाणी तिनं पुसलंही नाही.

"आन काय रं गोरखा," ती बोट न हलवता म्हणाली, "तुला म्हनून इचारते. त्या पुस्तकात आनिक काय तर निगालं का?"

गोरखनं तोंड उघडलं. बोरी बुद्रुकच्या इतिहासात ते तोंड उघडल्यावर आतून काही आलं नाही, असं एकदाही घडलं नव्हतं.

"न्हाई, मावशे," तो म्हणाला. "पंचवीसच पानं व्हती."

"कितीबी असू देत की," मावशी म्हणाली. "मी मोजायला कुटं सांगितलंय!"